यावं, पण कोणी?

सोमवार, २ फेब्रुवारी
ओबदुलियाच्या शेजारणीचा, फेलिसाचा, इस्पितळातून फोन. माझ्या या धाकट्या बहिणीच्या हृदयाची शस्त्रक्रिया शुक्रवारी! आणि निरोप काय? "'व्हिनिएरा' म्हणाली." म्हणजे, यावं. बस्स!

कोणी यावं? मी? तो? ती? आमच्या स्पॅनिशमध्ये या रूपाला सगळे सारखेच. कर्ता जोडला नाही तर देवालाही कळायचं नाही.

"कोणी ते विचारलंस?"

"बाई गं, ती धापा टाकत होती! मी काय व्याकरण विचारत बसू?"

व्याकरण नाही, मूर्ख बाई! मी जायचं की नाही, ते त्यावर ठरतंय.

मंगळवार, ३ फेब्रुवारी
भांडण जुनं. आईला पुरून आलो त्या दिवशी जेवणाच्या टेबलाशी ओबदुलिया म्हणाली, "आई असती तर..." आणि "एस्तुविएरा" म्हणायच्या जागी "एस्तारिआ", 'जर'सोबत न चालणारं रूप! अख्खं बुर्गोस शहर तसंच बोलतं, म्हणून काय ते बरोबर? नन्सनी माझ्या जिभेवरून ती सवय छड्या मारून उतरवली. मी सगळ्यांदेखत तिची चूक सुधारली. तिने चमचा खाली ठेवला. "कॉन्व्हेंटात तुला घातलं, मला नाही. तो माझा गुन्हा?"

तेव्हापासून अबोला. तिने धरलेला. मी नाही! चूक ती चूक.

आज मासळीच्या दुकानात फेलिसा भेटली. "जा गं कासिल्दा. तुलाच बोलावलंय."

"माझं नाव घेतलं?"

"नाव... फादर आबुंदिओंचं घेतलं होतं. पण ते आधी."

आधी! म्हणजे फादरनाच बोलावलंय. मी आगंतुकासारखी जायची, आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं तर?

"आणि तू गेली नाहीस, आणि ती शस्त्रक्रियेच्या टेबलावरून उठलीच नाही तर?" हे म्हणताना फेलिसा बोटाने मासा दाबून बघत होती. निर्लज्ज!

बुधवार, ४ फेब्रुवारी
जाणार नाही. आमंत्रण हवं. कर्त्यासकट!

गुरुवार, ५ फेब्रुवारी
गेले.

खाटेशेजारी फादर आबुंदिओ बसलेले, गळ्यात पापांची कबुली ऐकताना घालतात ती जांभळी पट्टी. त्यांनाच बोलावलं होतं! मी दारातूनच वळले.

"कासिल्दा, कुठे निघालीस? ये इकडे. फादर, तुम्ही जरा बाहेर थांबा. पाप हिच्याबद्दलचंच आहे, हिलाच सांगते."