सायकलच्या ट्यूबचा वीतभर तुकडा

३ मे, शनिवार

शेवटची नोंद सहा जानेवारीची. चार महिने काहीच लिहिलं नाही. वहीची माफी मागावी म्हटलं, पण वही माझीच, म्हणजे माफी मीच मागायची आणि मीच द्यायची. हे जरा जास्तच सोयीचं होतंय. तरीही: चुकलो.

करुणा आज पिशोरला गेली. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, शाळेला सुट्टी आहे, तीन आठवडे माहेरीच राहणार. बसमध्ये चढता चढता तिनं बढतीचा विषय काढला. मुख्याध्यापकपद आलंय, जागा पिशोरच्याच शाळेत. सोमवार ते शनिवार तिकडं राहावं लागेल. होकार की नकार, ते सव्वीस तारखेच्या आत लेखी द्यायचं. मी म्हणालो, घराची काळजी करू नकोस. ती म्हणाली, "तीन आठवडे चालवून बघा. मग बोलू."

२०१९ मध्येही तिला बढती आली होती. आमची संस्कृती तेव्हा तिसरीत होती. आज जुनी वही काढून ते पान वाचलं. मी लिहिलंय: "करुणानं स्वतःहून नकार दिला." 'स्वतःहून'खाली रेघ मारलेली आहे. रेघ मी का मारली असेल?

यावेळी तसं होणार नाही. वाळूजच्या कंपनीत एकोणीस वर्षं क्वालिटीत काढली. फाइव्ह एसचं ऑडिट मीच करतो. नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, पुसा, नियम करा, नियम पाळा. अडीचशे माणसांचा शॉप फ्लोअर लायनीवर ठेवणाऱ्याला तीन खोल्या काय जड?

४ मे, रविवार

कामांची यादी केली. बेचाळीस कामं. प्रत्येकापुढं वार, वेळ, जबाबदार व्यक्ती.

जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवली: चपलांची जागा, कचऱ्याच्या डब्याची जागा, गॅस सिलिंडरची जागा. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कलथा, झारा, चिमटा, लाटणं यांच्या आकृत्या काढल्या. वस्तू जागेवर नसली की आकृती रिकामी दिसते, कंपनीत पाने-हातोड्यांना करतो तसं. संस्कृतीनं विचारलं, "पप्पा, मी कोणत्या चौकोनात उभी राहू?" विनोदबुद्धी चांगली आहे. दहावीत जाणार, जरा गंभीर व्हायला हवी.

उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

५ मे, सोमवार

सव्वासातला उठलो. पट्ट्या चिकटवून गुडघे धरले होते. कंपनीची बस चुकली, मोटारसायकलनं गेलो. क्रांती चौकात वीस मिनिटं अडकलो. त्याचा उपयोग करून मनात भाजीचं वेळापत्रक तयार केलं.

संध्याकाळी करुणाचा फोन. आज कन्नडला जाऊन आले, म्हणाली. काय काम होतं ते विचारायचं राहिलं, कारण मी तिला पट्ट्यांबद्दल सांगत होतो. तिनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "पाणी शुक्रवारी आहे, लक्षात ठेवा." ते चार्टवर आहेच.

६ मे, मंगळवार

भांड्याच्या द्वारकाबाई आल्या आणि दारातच थांबल्या. "साहेब, हे काय करू राह्यले? घरात रोड आखले का?" समजावून सांगितलं. त्यांनी झारा हातात घेतला, भिंतीवरच्या आकृतीवर धरून पाहिला. "ह्यो झारा थोडा मोटा हाय वो, चित्रात बसंना." आकृती काढताना पेन्सिल घसरली... नाही, खरं लिहितो: मी झारा न बघता काढला होता. दुरुस्त करतो.

रोज सही करण्यासाठी तक्ता दिला. त्यांनी अंगठा दाखवला आणि हसल्या. येते त्यांना सही, मला माहीत आहे.

९ मे, शुक्रवार

आज पाण्याचा दिवस. आमच्याकडं नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, पाऊण तास, पहाटे. फाटकाजवळच्या खड्ड्यात नळ आहे, तिथून पाइप लावून अंगणातला हौद भरायचा. हौद भरला की आठवडा निघतो.

मला जाग आली सातला. घाबरून हौद पाहिला. काठोकाठ भरलेला! सिस्टिम चालते, ती अशी. चार्टवर 'पाणी: शुक्रवार' असं लाल शाईत लिहिलेलं आणि ते कुणीतरी वाचलं. संस्कृतीचे कपडे ओले होते. बहुधा लवकर अंघोळ केली असावी. समोरच्या सगीराभाभी फाटकावरून तिला काहीतरी सांगत होत्या आणि दोघी हसत होत्या.

करुणाला कळवलं: पाणी भरलं गेलं. कुणी भरलं असं तिनं विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही.

११ मे, रविवार

घराचं पहिलं ऑडिट. शंभरपैकी ७८. पहिल्या आठवड्याला हे खूपच चांगलं.

कमी: आठवड्याच्या मेन्यूत सात भाज्या ठरल्या होत्या, सहा दिवस खिचडी झाली. पण तीही रोज वेगळी होती, एकदा मुगाची, एकदा तुरीची. उठणे पाच: अद्याप अंमलबजावणी नाही.

१२ मे, सोमवार

खरं काय ते इथं लिहायला हरकत नाही. ऑफिसात दिवसभर एक प्रश्न डोक्यात होता. मी एवढं सगळं करतोय, ते करुणानं जावं म्हणून, की ती गेली नाही तर दोष माझा नव्हता, हे आधीच सिद्ध करून ठेवावं म्हणून? २०१९ ला तिनं नकाराचा कागद लिहिला तेव्हा मी शेजारी बसलो होतो. तिनं विचारलं होतं, "काय करू?" मी म्हणालो होतो, "तुझी इच्छा." दुसरं काहीच म्हणालो नव्हतो. तिनं पेनाचं टोपण उघडलं आणि लिहिलं.

दोन्ही कारणं असू शकतात. थकलो आहे. पुढचं उद्या.

१४ मे, बुधवार

लाल चिठ्ठीचा कार्यक्रम पार पडला. नियम असा: जी वस्तू वापरात दिसत नाही तिला लाल चिठ्ठी लावायची, अठ्ठेचाळीस तासांत कुणी लेखी आक्षेप घेतला नाही की वस्तू बाहेर. सोमवारीच चिठ्ठ्या लावल्या होत्या. आक्षेप: शून्य.

बाहेर गेलेल्या वस्तू: दोन झाकणं (डबे नाहीत), फुटका टेबलफॅन, करुणाच्या जुन्या साडीच्या चिंध्या, गंजलेली सांडशी, फाटकाजवळ खिळ्याला लटकलेला सायकलच्या ट्यूबचा वीतभर तुकडा. सहा वर्षं तो तिथं आहे आणि कुणी वापरताना मी एकदाही पाहिलं नाही. आपल्याकडं सायकल तरी कुठंय?

भंगारवाल्यानं सगळं नेलं. घर हलकं वाटतंय. मीही.

१६ मे, शुक्रवार

उद्या पाणी. कामांच्या यादीत क्रमांक एकतीस: 'हौद धुणे, सहामाही.' उद्या नवं पाणी येणार, म्हणजे धुवायला आजचाच दिवस योग्य. नियोजन म्हणतात ते हेच.

हौदात हातभर पाणी शिल्लक होतं. ओतायला जीव होईना. बादल्या भरून फाटकाबाहेरच्या लिंबाला घातलं. मग आत उतरून घासला. घरावरच्या टाकीतलंही पाणी घासण्यातच संपलं. हौद असा लख्ख झाला की तळाची फरशी हिरवी आहे हे मला पहिल्यांदाच कळलं.

करुणाला सांगितलं, हौद धुतला. ती म्हणाली, "आज?" मी म्हणालो, हो, वेळापत्रकाप्रमाणे. ती म्हणाली, "बरं. उद्या भाभींना हाक मारा." कशाला ते कळलं नाही. चार्टवर जबाबदार व्यक्ती म्हणून माझं नाव आहे.

१७ मे, शनिवार, सकाळी ९

शांतपणे, क्रमानं लिहितो.

५.४०: पाणी आलं. मी जागा होतो. पाच वाजल्यापासून! बारा दिवसांत पहिल्यांदा.

५.४५: पाइप नळाला लावला. निसटला. परत लावला. निसटला. पाइपाचं तोंड मोठं, नळ बारीक.

५.५०: रुमालानं बांधला. निसटला. पिवळी पट्टी गुंडाळली. ओली झाल्यावर ती चिकटत नाही, हे कंपनीलाही कळवायला हवं.

६.००: काहीतरी पकड हवी म्हणून घरात शोधलं. सगळ्या डब्यांना लेबलं होती, कशातच पकड नव्हती.

६.१२: संस्कृती डोळे चोळत बाहेर आली. खिळ्याकडं बघितलं. "पप्पा, ट्यूबचा तुकडा कुठाय? तो नळावर चढवून पाइप लावतात ना." मी म्हणालो, लाल चिठ्ठी. तिनं मला पप्पा म्हणून बघितलं नाही, असं वाटलं.

६.१३ ते ६.२५: दोघांनी पाइप हातानं दाबून धरला. पाणी माझ्या बाहीतून आत शिरून पायजम्यातून बाहेर येत होतं.

६.२५: पाणी गेलं. हौदात चार बोटं.

सगीराभाभी त्यांच्या फाटकातून बघत होत्या. "क्या जी भाईसाब, पाणी आने के एक दिन पहले हौद कोन खाली करता?" मी म्हणालो, सहामाही होती. त्या म्हणाल्या, "मेरे को एक आवाज देते तो ट्यूब मैं देती थी ना. आप तो कसरत कर रहे समझी मैं." मग त्यांनी नवऱ्याला, जहांगीरभाईंना, उठवलं आणि त्यांच्या हौदातून पाइप टाकून आमचे दोन ड्रम भरून दिले. मी नको नको म्हणत होतो आणि ड्रम सरकवत होतो.

आता आठ दिवस दोन ड्रमांवर.

१८ मे, रविवार

कंपनीत दोष सापडला की पाच वेळा 'का' विचारतो. तसं इथं करतो.

हौद का भरला नाही? पाइप निसटला. का? ट्यूबचा तुकडा नव्हता. का? भंगारात गेला. का? तो कशाचा आहे हे मला माहीत नव्हतं. का?

पाचवा 'का' उद्या.

घराचं ऑडिट: ८६. गेल्या वेळेपेक्षा आठ गुण जास्त. पाणी हा मुद्दा चेकलिस्टमध्ये नाही.

२० मे, मंगळवार

द्वारकाबाईंनी सुट्टी घेतली. "धुवाया पाणीच नाय, तर म्या येऊन काय चित्रं बघू? पाणी आलं की फोन करा, व्हय?" सिंकमध्ये भांडी. भिंतीवरच्या सगळ्या आकृत्या रिकाम्या.

अंघोळ कंपनीत करतो. संस्कृती केस धुवायला सगीराभाभींकडं गेली आणि तिथंच जेवून आली. बिर्याणी होती. मी घरी मुगाची खिचडी एकट्यानं खाल्ली, पातेल्यातूनच. ताट वाचतं.

ट्यूबऐवजी शास्त्रशुद्ध उपाय म्हणून स्टीलचा क्लॅम्प ऑनलाइन मागवला.

करुणाचा फोन. हौद कसा आहे विचारलं. लख्ख, म्हणालो. हे खोटं नाही.

२२ मे, गुरुवार

क्लॅम्प आला. दोन इंचांचा. नळ मोजायचा राहिला होता.

पिवळ्या पट्ट्या सुटायला लागल्या. चपला आता पुन्हा दारात पसरतात, पण अंतर ठेवून.

ती परवा येणार. घर बघेल आणि नकार लिहील. आणि मी वहीत काय लिहीन? २०१९ चं वाक्य पुन्हा वापरता येणार नाही. हे तरी मला कळतंय. निदान भांडी घासावीत.

एका ड्रमच्या तळातलं पाणी काढून निम्मी घासली.

२४ मे, शनिवार, संध्याकाळी ६

करुणा चारच्या बसनं आली. पिशवीत सासूबाईंनी दिलेल्या ज्वारीच्या पापड्या. पट्ट्यांवरून सरळ चालत आत गेली, सिंक बघितलं, भिंत बघितली. अंगणात येऊन हौदात डोकावली. मग फाटकाजवळच्या खिळ्याकडं बघितलं.

मी ऑडिटची फाइल पुढं केली. तिनं ती घेतली, शेवटचं पान वाचलं. "शहाऐंशी?" मी म्हणालो, पाणी चेकलिस्टमध्ये नव्हतं. ती खाली बसली आणि बराच वेळ हसली. थकून हसतात तसं. डोळे पुसले.

मग मीच म्हणालो. ठरवलं होतं तसं. म्हणालो, घर चाललं नाही, हे दिसतंय. पण तू नकार देऊ नकोस. यावेळी 'तुझी इच्छा' म्हणणार नाही, तू जा असं म्हणतोय.

ती म्हणाली, "अहो, होकार मी पाच तारखेलाच देऊन आले. कन्नडच्या शिक्षण कार्यालयात जाऊन."

पाच तारीख. त्या दिवशी ती फोनवर म्हणाली होती. मी पट्ट्यांबद्दल सांगत होतो.

संस्कृतीला माहीत होतं. सगीराभाभींना माहीत होतं. द्वारकाबाईंनाही माहीत होतं. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? करुणा म्हणाली, "तुम्ही एवढं मन लावून चिकटवत होता, मोडवलं नाही. आणि तुमच्या ऑडिटवर थांबले असते तर मी रिटायरच झाले असते."

म्हणजे तीन आठवडे परीक्षा चालली होती आणि परीक्षक केव्हाच उठून गेले होते. राग यावा असं वाटलं, आला नाही. सोळा जूनपासून ती पिशोरला. घर आहे तसं माझ्याकडं येणार, ऑडिट असो नसो.

चहा मी केला. पाणी भाभींनी भरून दिलेल्या ड्रममधलं. कप देताना विचारलं, तो तुकडा तू कुठून आणला होतास? ती म्हणाली, "सहा वर्षांपूर्वी, जहांगीरभाईंच्या जुन्या सायकलचा. तेव्हापासून दर आठ दिवसांनी पहाटे तोच लावतेय. तुम्ही झोपलेले असायचा." टोमणा मारला नाही, नुसतं सांगितलं. मग म्हणाली, "उद्या पाणी आहे. मी झोपणार आहे."

पाचवा 'का' राहिला होता तो लिहून टाकतो. तुकडा कशाचा आहे हे मला माहीत नव्हतं, कारण मी कुणालाच विचारलं नाही.

बेचाळीस कामांची यादी फाडली नाही. मागची बाजू कोरी आहे, वापरता येईल.

उद्या: पहाटे पाचला सगीराभाभींना हाक मारून ट्यूब मागणे.