बदकाच्या पिल्लाची भाषा

मंगळवार संध्याकाळ, बूढापारा

जुन्या मुक्या कार्टूनमधल्या त्या बदकाच्या पिल्लाला मी रोज मराठीत आवाज देते, कारण सात वर्षांची माझी मनू माझ्याशी हिंदीतच बोलते. आज शेजारची मुलं बघायला बसली, म्हणून पिल्लाला हिंदीत बोलायला लावलं. मुलांसाठी, की मलाच लाज वाटली? मनू उसळलीच, "आई, पिल्लू असं काहून बोलून राहिलं? त्याले हिंदी येत नाही!"

"तो सिखा दो, आंटी," शेजारची पिंकी म्हणाली.

मनूचं एवढं मोठं मराठी वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. आणि हो, लाजच वाटली होती. उद्या कोणीही बसो, पिल्लू मराठीतच बोलेल. पिंकीला कळलं नाही तर मनू सांगेल.