न चाखता

५ ऑगस्ट, मंगळ.
हिंग: नाही.
उठल्याबरोबर हिंगाचा डबा उघडून नाक खुपसलं. ताप येऊन गेल्याला एकोणीस दिवस झाले. खोकला गेला, अंगदुखी गेली, वास काही परत येईना. चवही त्याच्यामागे गेली. मीठ तोंडात टाकलं तर वाळू. कोणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, हाताखालच्या कमलाला नाही. रोज पन्नास डबे जातायत, तक्रार एकही नाही. म्हणजे चाललंय.
दुपारी पडाव भागातल्या हॉटेलचे मालक भटनागरजी आले. जयेंद्रगंजातल्या आमच्या या एवढ्याशा स्वयंपाकघरात, स्टुलावर बसून चहा प्यायले. हॉटेलात मराठी जेवणाचा वेगळा भाग काढणार म्हणे. ‘उषाताई की रसोई’. पाटी माझ्या नावाची! मी म्हटलं, विचार करते. विचार कसला, बसवेना. उद्याचा, परवाचा, सगळा लसूण सोलून टाकला.

६ ऑगस्ट, बुध.
हिंग: नाही.
भटनागरजींना माझी ‘कहानी’ हवी, मेन्यू कार्डावर छापायला. नेहमी सांगते तशी सांगितली. अण्णा गेले तेव्हा मी आठ वर्षांची, धाकटी नंदू पाळण्यात. आई लोकांकडे स्वयंपाकाला जायला लागली. मी बारा वर्षांची असताना, ऐन गौरीच्या आदल्या दिवशी, ती ओल्या फरशीवर घसरली. उजवं मनगट प्लास्टरात. आणि तांबे वकिलांकडे गौरीजेवण, चाळीस पानं. आई कोपऱ्यात पाटावर बसून सांगत होती, मी करत होते. नैवेद्याचं चाखायचं नाही, पहिला घास देवीचा. तर न चाखता चाळीस पानं जेवली. तांबेकाकू म्हणाल्या, “या पोरीच्या हाताला जीभ आहे.”
तिथून थांबलेच नाही. सकाळी शाळा, दुपारी लोकांच्या पोळ्या. नंदूचं शिक्षण, तिचं लग्न, हे स्वयंपाकघर, सगळं त्या एका दुपारवर उभं. अजूनही चाखत नाही, नैवेद्य असो की डबा. इथे चाखायला चमचाच ठेवलेला नाही. नवीन बाई कामाला आली की पहिल्या दिवशी हाच नियम सांगते.
भटनागरजी खूश. “बारह साल की बच्ची, बिना चखे! बस, यही छपेगा.”
मीही खूश झाले. मग नाक आठवलं.

९ ऑगस्ट, शनि. राखी.
हिंग: नाही.
बासुंदीची ऑर्डर. मी पातेल्यापाशीच उभी, ढवळतेय, डोक्यात पडावची पाटी. कमला भांडी घासून आत आली ती दारातच थबकली.
“काए दीदी, दूध लग गओ!”
खाली बघितलं. तळाला काळं. मी दीड हातावर उभी होते. लागलेल्या दुधाचा वास म्हणे गल्लीत पोचला होता.
कमलाने पातेलं उतरवलं, नवीन दूध आणायला गेली. परत आल्यावर हळूच, “आपको बास नईं आती न दीदी? कब से?”
चौदा वर्षं माझ्याकडे आहे. खोटं बोलता येईना. रडले तिच्यासमोर, पदरात तोंड घालून. मग तिलाच दम भरला, कोणाला सांगितलंस तर बघ.

११ ऑगस्ट, सोम.
इंदरगंजला डॉक्टरांकडे. नाकात बॅटरी घालून बघितलं. “आ जाएगी वापस. महीना, छह महीना... कभी-कभी नहीं भी आती.” रोज चार वास घेत बसायचे, लवंग, लिंबू वगैरे. मी विचारलं, हिंग चालेल का? हसले.
ते हसले याचा राग घरापर्यंत पुरला. पायीच आले.

१४ ऑगस्ट, गुरु.
हिंग: नाही. लवंग: नाही. लिंबू: नाही.
डबे घासले. घासलेले परत घासले. आई म्हणाली, “उषे, खामखा परेशान का होऊन राहिलीस? बस जरा.” बसले. उठले.

१७ ऑगस्ट, रवि.
गोडा मसाला करायला घेतला. दरवर्षीचा. धणे परतायला घेतले आणि हात थांबला. उतरवायचे कधी? आजवर कधी विचारच करावा लागला नव्हता. लोकांनी हाताचं कौतुक केलं, काम बिचारं नाक करत होतं. त्याला कोणी नमस्कारसुद्धा केला नाही, मीही नाही.
कमला म्हणाली, “अब उतार लो दीदी.” उतरवले.
इंदूरहून नंदूचा फोन. तिला सांगितलं शेवटी. ती म्हणाली, “ताई, हॉटेलवाल्यांना सांगून टाक ना. थोडं रुक म्हणावं.” मी म्हटलं, बारा वर्षांच्या वयात रुकले नाही, आता एक्कावन्नाव्या वर्षी रुकू? तर म्हणते, “तेव्हा रुकायची सोय नव्हती. आता आहे.” बँकेत मोठी झाल्यापासून फार शहाणी झालीय. शहाणी मीच केली, ही आणखी एक गंमत.
पण खरं सांगायचं तर ‘मला जमणार नाही’ हे वाक्य मला म्हणताच येत नाही. त्या वयात शिकायचं राहून गेलं.

२० ऑगस्ट, बुध.
हिंग: नाही.
भटनागरजी कार्डाचा कच्चा नमुना घेऊन आले. गुळगुळीत कागद, वर माझा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत: ‘बारह साल की उम्र से, बिना चखे.’ ३० तारखेला पंचवीस पाहुणे बोलावलेत. हॉलमध्येच शेगडी मांडणार. मी सगळ्यांसमोर आमटी करायची, न चाखता.
“लोग देखें तो सही, उषाताई!”
जादूचे प्रयोग करणारा टोपीतून ससा काढतो, तशी मी आमटी काढायची. हो म्हणाले. होच म्हणते मी नेहमी.

२३ ऑगस्ट, शनि.
कमलाशी भांडण. ती म्हणाली, “मैं चख के बता दूँगी न, किसको पता चलेगा?” मी भडकले. इथे चमचा येणार नाही म्हटलं, मी आहे तोवर. तर ती, “दीदी, वो खाना भगवान का थोड़ी है. होटल का है.”
मी आवाज आणखी चढवला. संध्याकाळी तशीच गेली. पोळ्यांची कणीकसुद्धा मळून ठेवली होती तिने. मला स्वतःची लाज वाटली.

२७ ऑगस्ट, बुध. गणपती.
मोदक. आरतीनंतर आईने एक खाल्ला, दुसरा हातात धरून बसली. “गूळ फार शिजलाय ग. सारण चिवट झालंय.” आयुष्यात पहिल्यांदा नाव ठेवलंन माझ्या मोदकाला. मग माझ्याकडे बघत राहिली. शहात्तर वर्षांची आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण बघते अजून पूर्वीसारखंच. मी आत निघून गेले.

२८ ऑगस्ट, गुरु.
आईला सांगितलं. वास, डॉक्टर, ३० तारीख, सगळं. कार्ड वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं, चष्मा पुसला.
“बिना चखे नव्हतं ते.”
“काय?”
“तांबेंकडचं. आमटीत मीठच नव्हतं. ते सगळं तू बटाट्याच्या भाजीत घालून बसलेलीस, दोनदा.”
म्हणाली, काकूंनी तुला तुळशीची पानं आणायला परसात धाडलं. तेवढ्यात मी उठले. डाव्या हाताने चाखलं. आमटीत मीठ घातलं, भाजीत आणखी उकडलेले बटाटे कुस्करले, वर खोबरं. तू येईपर्यंत पाटावर परत.
मी विचारलं, नैवेद्याचं उष्टं केलंस? तू?
“केलं.”
आणि एकोणचाळीस वर्षं बोलली नाहीस?
“अण्णा गेल्यापासून तू मान खाली घालून चालायचीस. त्या दिवशी घरी येताना वर होती. ती मी कशाला खाली घालू?”

२९ ऑगस्ट, शुक्र.
प्रचंड राग. कोणावर ते कळत नाही. माझं अख्खं आयुष्य एका उष्ट्या आमटीवर उभं आहे. पोरीच्या हाताला जीभ आहे म्हणे! जीभ आईची होती.
दुपारी जरा निवळले. त्यानंतरच्या हजार पंगती? त्या तर मीच केल्या. आई तर पुढच्या वर्षापासून यायचीही बंद झाली होती बरोबर. ‘हिचा हात चुकत नाही’ हे लोकांनी म्हटलं, मी ते खरं मानलं आणि मग खरं करून दाखवायला रोज पहाटे उठले. पहिला दिवस खोटा होता, बाकीचे खरे. असं असू शकतं का?
की नंतरही कोणीतरी मागून सावरत होतं आणि मला दिसलं नाही. कमला चौदा वर्षं मागे उभी आहे. तिला कधी विचारलं नाही.
उद्या. नाही म्हणायची आजची शेवटची वेळ होती. म्हटलं नाही.

३० ऑगस्ट, शनि.
चारला परत. पाय दुखतायत, लिहून टाकते.
हॉल, शेगडी, पाहुणे मोबाइल उगारून, माझ्या मागे कमला. मसालेभात, भरली वांगी घरून करून नेलेली, आमटी तिथे. तेल तापलं ते दिसलं, मोहरी तडतडली ती ऐकली. हिंग, हळद. डाळ ओतली. मसाला, गूळ, आमसूल, मीठ. इथवर हात चालला. मग उकळी आली आणि पुढे काही नाही. चाळीस वर्षांत या क्षणी आमटी मला सांगते, झालं किंवा नाही झालं. आज गप्प. पंचवीस माणसं माझ्याकडे बघतायत आणि मी पातेल्याकडे.
पळून जावंसं वाटलं. बारा वर्षांची असतानाही वाटलं असणार, तेव्हा आई पाटावर होती.
“कमला,” मी म्हटलं, “चख के बता.”
तिने पदराची गाठ सोडून चमचा काढला. म्हणजे घेऊनच आली होती, चोर. फुंकर मारून चाखली. सगळ्यांसमोर. “नमक ठीक है. खटाई थोड़ी और, दीदी.” दोन आमसुलं टाकली. पुन्हा चाखली. मान हलवली.
लोक वाट्या चाटूनपुसून जेवले. एक आजोबा दोनदा वाढून घेऊन गेले. भटनागरजी मात्र मला बाजूला घेऊन, “उषाताई, वो बिना चखे वाली बात?”
सांगून टाकलं. वास नाही, दीड महिना. परत येईल की नाही माहीत नाही. त्यांचा चेहरा पडला. “देखते हैं,” म्हणाले.
ऑटोत कमलाला विचारलं, माझं काही आजवर सावरलंस का ग? ती बाहेर बघत म्हणाली, “एकाध बार.” किती ते सांगेना.

१ सप्टें., सोम. गौरीपूजन.
हिंग: नाही.
घरच्या गौरी. पुरण, आमटी, भाज्या. नैवेद्याचं. मी पातेल्यापाशी अडले. कमलाला आज सुट्टी. आई भिंत धरत धरत आली, फडताळातून चमचा काढला.
मी म्हटलं, आई, नैवेद्य आहे.
“सरक. गौरीला माझी सवय आहे.”
इतकी हसले की पुरणाला हात लागेना. आईही हसली. मग चाखून म्हणाली, मीठ बरोबर आहे, तुझा हात बरा आहे अजून. हे ऐकून जे काही झालं ते लिहिता येत नाही.

३ सप्टें., बुध.
सकाळी भटनागरजींचा फोन. आमटी सगळ्यांना आवडली. पाटी लावायला ते तयार. अट एकच, कार्ड आहे तसंच राहू दे. “लोगों को कहानी चाहिए, ताई. सच किसने चखा है.” वासाचं कोणाला कळायला नको. छापायला जायचंय, अकराला माणूस येईल नमुना न्यायला.
मी हो म्हणणारच होते. तोंडात आलेलं.
माझ्या नावाची पाटी. तांबेंच्या मोरीपाशी भांडी विसळताना असलं काही डोक्यातसुद्धा येत नव्हतं. हवीय मला ती. हवीच आहे, का नको असेल?
कमलाला कार्ड वाचायला दिलं. वाचून परत ठेवलं, “अच्छा है,” एवढंच म्हणाली आणि कांदे चिरायला बसली. आईकडे नेलं. तिने डोळ्यांजवळ धरून फोटो बघितला फक्त.
अकराला माणूस दारात. पेन घेतलं, ‘बिना चखे’वर आडवी रेघ मारली, खाली लिहिलं:
बारह साल की बच्ची ने पकाया. माँ ने चखा. अब कमला चखती है.
अक्षर वाकडं आलं. तसंच दिलं त्याच्या हातात.
आता दोन वाजलेत. पडावहून फोन नाही. तीनदा बघितला, चालू आहे. डबे गेले. उद्याची डाळ भिजवली. चमच्यासाठी भिंतीला खिळा ठोकला, शेगडीच्या डाव्या हाताला, कमलाला सोपं पडेल असा.
हिंग: मला नाही. कमलाला आहे.