खंडेनवमीला न उतरवलेला पट्टा

सीताराम परवा माझ्या घरी चहा पिऊन गेला आणि जाताना म्हणाला, "मावशी, शिदूचं नशीबच फुटकं." हे आधी लिहा, असं मी महिपती गुरुजींना सांगितलं. देवाचं नाव खाली घालावं, देव रागवायचा नाही.

श्री खंडोबा प्रसन्न. मी कस्तुराबाई कोंडाजी येवले, वय अंदाजे सत्तर, राहणार कुसगाव, तालुका मावळ. गुडघे गेलेत, डोकं जागेवर आहे. कोणाच्या धाकानं नव्हे, माझ्या मर्जीनं माझ्यामागची व्यवस्था लावते.

१. राहतं घर मुलगा गोरख याला. पन्हळ त्यानं दुरुस्त करावी. सहा वर्षं "उद्या करतो" ऐकतेय.

२. सोन्याच्या पुतळ्या सून शालूबाईला. भाजीत मीठ किती घालावं ते मी मेल्यावर तरी तिला कळेल.

३. भाताची गिरणी. इथं जरा लांबण लागेल. भाचा सीताराम पाच वर्षांपूर्वी तिथं कारभारी झाला. तुंगार्लीच्या बंगल्यातल्या साहेबानं त्याच्या डोक्यात भरवलं की परदेशात कारभाऱ्याला कागद लिहून देतात, मग तो मालकासारखा राबतो. मीही दिला, त्यात लिहिलं: पाच वर्षांत कधीही गिरणीचा चौथा हिस्सा आजच्याच भावानं, दोन हजारांत, विकत घे. नको वाटला तर सोड.

राबला, दोन वर्षं. मग लोणावळ्यात दुसरी गिरणी निघाली, आमच्या गिरणीची किंमत उतरली, आणि कागदाची मुदतही सरत आली. तिथून हा सुटला. इंजिन बेफाम पळवलं, दुरुस्ती पुढं ढकलली. किंमत चढली तर हिस्सा त्याचा, गिरणी बुडाली तर बुडणार मी.

खंडेनवमीला आम्ही गिरणी बंद ठेवतो, इंजिनाचा पट्टा उतरवून त्याला चिरा पडल्यात का बघतो, मग हळदकुंकू लावतो. त्या निमित्तानं वर्षातून एकदा तरी कोणी वाकून बघतं, म्हणून ती चाल मी मोडू दिली नव्हती. गेल्या खंडेनवमीला सणाची गर्दी बघून सीतारामनं गिरणी चालू ठेवली.

"मावशी, धोका पत्करल्याबिगर माणूस वर येत न्हाई."

"पत्करणाऱ्याचा हात गिरणीत असतो का रं?"

हसला. मी तिथंच गिरणी बंद करायला हवी होती. गर्दी मलाही गोड लागत होती.

दुपारी पट्टा तुटला. भात ओतणाऱ्या शिदूचा उजवा हात मनगटापासून गेला. आठ दिवसांत सीतारामनं कागद परत आणला. "मला हिस्सा नको." कागदात नको म्हणायची सोय होती. शिदूला ती नव्हती. कागदावर सही माझी आहे, ते मी नाकारत नाही.

म्हणून तोच चौथा हिस्सा शिदूला, फुकट, बिनमुदतीचा. बाकीची गिरणी गोरखला. पुढं जो कारभारी होईल त्यानं रोजचं पहिलं पोतं स्वतःच्या हातानं ओतावं. मंजूर नसेल त्यानं साहेबाच्या बंगल्यावर नोकरी बघावी.

४. तुटलेला पट्टा सीतारामला. दुसरं काही नाही.

सही: कस्तुराबाई
साक्षीदार: महिपती गुरुजी (लिहिणार), भिमाजी सुतार
कुसगाव, ९ फेब्रुवारी १९६८

सही झाल्यावर घातलेलं: गिऱ्हाईक शिदूला विचारतात, हात कसा गेला. सीतारामनं पढवल्याप्रमाणे तो "नशीब" म्हणतो. इथून पुढं शिदूनं गप्प राहावं. गोरखनं सीतारामला त्याच्या घरातून बोलावून आणावं, आणि उत्तर सीतारामनं द्यावं.