शहाण्णवचा दिवा

बाबा, ऐकू आलं! अखेर ऐकू आलं. तुमची ती ढोलकची कॅसेट मी नागपूरला देऊन लॅपटॉपवर घेतली, चोवीस बिट, शहाण्णव किलोहर्ट्झ, म्हणजे बारीकसारीक आवाजही सुटू नये अशी. मग आठवडाभर ती फाइल वाजवायला लॅपटॉपवर धड प्लेअर शोधत बसले. तुमचे जावई वैतागले, "अवो, एका क्यासेटसाठी एवढा थाट कायले करून राहिली?" मी म्हटलं, "बाबाचा हात चुकला होता का नाही, ते मले माझ्या कानानं आयकाचं हाये."

गोंदिया जिल्हा वेगळा झाला ते वर्ष. जवाहरनगरचं कारखान्याचं क्वार्टर, सकाळची वेळ. फॅन बंद, कुकर उतरवलेला, खिडकीला गोधडी. जयंतीला ढोलक कोण वाजवणार, ते विहाराचं मंडळ कॅसेट ऐकून ठरवणार आहे. तुम्ही पुढच्या खोलीतून दटावता, "लाल बटन दबलं का श्वासबी हळू घ्याचा, समजलं?" मी सात वर्षांची, स्वयंपाकघराच्या दारातून मान डोलावते. तुम्ही ढोलक वाजवत गायला लागता आणि ऐन कडव्यात पिठाच्या डब्याचा आवाज येतो. धप्प! गाणं संपतं न संपतं तोच कारखान्याच्या बसचा हॉर्न. पुन्हा भरायला वेळच नाही. ड्यूटीवरून तुम्ही सरळ विहारात आलात. कॅसेट ऐकून सगळे म्हणाले, ठेका चुकला. तुम्ही म्हणालात, "हो, माझाच हात चुकला." ढोलक दुसऱ्याकडे गेली. मी आईच्या पदरात तोंड लपवलेलं. मला वाटलं, तुम्हालाही खरंच तसं वाटतंय.

लॅपटॉपमधला पहिला प्लेअर अतिशहाणा, खरखर साफ करता करता बारीक आवाजही पुसून टाकतो. दुसऱ्यात रंगीत पट्ट्या नाचतात आणि ढोलक नुसती धुम्म धुम्म. लॅपटॉपला जोडलेल्या आवाजाच्या छोट्या यंत्रावर दोघांच्याही वेळी अठ्ठेचाळीसचाच दिवा, म्हणजे फाइल अर्धी करूनच वाजवतात मेले. तिसरा अगदी साधा, राखाडी, ना चित्र ना नक्षी. त्यात एक खूण केली की लॅपटॉपची टुणटुण मध्ये येत नाही, फाइल आहे तशी यंत्रापर्यंत पोचते. खूण केली आणि शहाण्णवचा दिवा लागला! काय सांगू बाबा, मी टाळीच वाजवली. तुमचं बोट चामड्यावर घासतं तेसुद्धा ऐकू येतं. तो धप्प आवाज वेगळा, पत्र्याचा. तुमचा ठेका त्याच्या आधीही जागेवर, नंतरही जागेवर. "नाही चुकला! आयका, नाही चुकला!" मी ओरडले. "अवो, शेजारी येतीन," म्हणत जावई धावत आले.

आणि अगदी शेवटी, बटण बंद व्हायच्या आधी, तुमचा स्वतःशीच हसरा, दबका आवाज. "डबा पाडला वाटते पोरीनं. राहू दे. तिचाबी आवाज आला टेपात."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. माहीत असून विहारात, चारचौघांत, चूक अंगावर घेतलीत. मी दहा वेळा ऐकलं, रडले, पुन्हा ऐकलं.

हे पत्र आता कुठे पाठवणार? कॅसेटच्या कव्हरात घडी करून ठेवते. पण एक सांगायचं राहिलंय. डबा पडला नव्हता, बाबा. मलाही टेपमध्ये यायचं होतं. डब्यावर तुमच्यासारखी थाप मारून पाहिली होती मी, दोन्ही हातांनी.