काचेच्या कपाटाला माझी पुस्तकं मिळणार नाहीत

हवं असलेलं पुस्तक काचेआड दिसत असताना "किल्लीवाले रजेवर आहेत" हे उत्तर ऐकून रिकाम्या हाताने घरी परतलेल्या माझ्या सर्व वाचक आणि श्रोते मंडळींनो, हे मृत्युपत्र मी तुम्हाला उद्देशून लिहीत आहे. वारसांनी ते तुमच्यासोबत बसून वाचावं.

मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, छापखान्याच्या बांधणी खात्यातली निवृत्त कामगार आणि कामगारांच्या सभांमधली वक्त्री, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाखाली न येता पुढील व्यवस्था करते. शस्त्रक्रियेत माझा आवाज गेला, बुद्धी जागेवर आहे. खात्री करायला घशाच्या डॉक्टरांनी मला आजचा वार आणि सातचा पाढा विचारला. मी दोन्ही लिहून दाखवले आणि खाली लिहिलं, "आता तुम्ही एकोणतीसचा म्हणा." त्यांनी रक्तदाब मोजायला घेतला.

१. राहतं घर माझ्या स्वकष्टाचं आहे. ते आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलाला मिळावी. तो सरळ आहे, प्रेमळ आहे, आणि वस्तू जपून ठेवण्याचा त्याला आजार आहे. पुढच्या खोलीचा शनिवार संध्याकाळचा वापर मात्र त्याच्या मालकीतून मी वगळते. कित्येक वर्षं त्या वेळी तिथे एकजण पुस्तक वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. ते चालू राहावं.

२. बांधणीची दाभणं, दोरा, घडी दाबायची हाडाची पट्टी आणि लाकडी दाबयंत्र समोरच्या शिंप्याला द्यावं. वाचलेली पुस्तकं फाटणारच, आणि फाटलेलं शिवणं त्याला जमतं. त्याच्या भाषेतली एक मोठी कादंबरी त्याने आम्हाला वर्षभर तोंडी सांगितली. आम्हाला ती लिपी येत नव्हती. तो पुस्तक मांडीवर धरायचा आणि आमच्या भाषेत बोलायचा. एखाद्याच्या मरणाची वेळ आली की म्हणायचा, "इथलं पान फाटलंय." पुढे मला तिचा अनुवाद मिळाला. तीन माणसं मेलेली होती! मी जाब विचारला तर म्हणाला, "अहो बाई, समोर दिवसभर राबलेली माणसं बसलेली. त्यात ऐकायला येणारी ती परिचारिका रडायला टपलेलीच. कशाला मारू?" मी भांडले, कारण लेखकाने मारलेल्या माणसाला जिवंत ठेवायचा अधिकार शिंप्याला नाही. पण इतक्या मायेने केलेला खोटेपणा मी दुसरीकडे पाहिला नाही.

३. वाचनालय संस्थेच्या कार्यवाहांना काहीही देऊ नये. संस्थेच्या सभेत मी बोलायला उभी राहिले की ते वेळ संपल्याची घंटा वाजवत, म्हणून नव्हे. माझी पुस्तकं घेऊन काचेच्या कपाटात ठेवू, वर माझ्या नावाची पाटी लावू, असं सांगून त्यांनी माझ्या मुलाला भुलवलं, म्हणून.

मुलगा मला म्हणाला, "आई, इथे लोक पुस्तकं नेतात आणि परत आणत नाहीत. तिकडे नीट राहतील."

मी माझ्या लिहायच्या पाटीवर लिहिलं, "नीट राहायला ती काय पाहुणे आहेत?"

"अगं, तुझं नाव राहील!"

"नाव मतदार यादीतही आहे."

तो हसला, पण त्याने विषय सोडला नाही. म्हणून हे कलम.

४. सर्व पुस्तकं माझ्या सुनेच्या संपूर्ण मालकीची होतील. तिने ती कोणालाही द्यावीत, कोणाकडूनही परत मागावीत. कुलूप लावू नये.

ही पुस्तकं काय आहेत ते सांगते. छापखान्यात मोठ्या कागदावर पानं उलटसुलट छापून येतात. घडी घातल्यावर ती क्रमाने लागतात. मी पहिली कादंबरी घडी घालण्याआधी वाचली. एका पानावर लग्न, शेजारच्या पानावर, डोकं खाली करून, नवरा घर सोडून चाललेला. मधलं सगळं मी मनाने रचलं. तेव्हापासून मी या देशातल्या जितक्या भाषांची पुस्तकं अनुवादात मिळतील तितकी वाचली. कोळ्यांची वाचली, चहामळ्यातल्या बायकांची वाचली, ज्यांना शाळेच्या पायरीवरही बसू दिलं नाही त्यांनी स्वतः लिहिलेली वाचली. कापडावरच्या चित्रांवर काठी ठेवत गोष्ट गाणारे ऐकले. दिव्यासमोर चामड्याच्या बाहुल्या नाचवून एकट्याने सगळं युद्ध उभं करणारा माणूस पाहिला. सभेत मी जे बोलले त्यातलं धाडस या लोकांकडून आलं. एवढं वैभव असलेली माणसं स्वतःला गरीब समजतात, याचा मला आजही संताप येतो.

५. आता मुख्य गोष्ट. आवाज गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मंडळी सवयीने आली. कादंबरी अर्ध्यावर होती. मी पुस्तक उघडलं, तोंड उघडलं, नुसती हवा आली. शिंपी उठून म्हणाला, "चला, बाईंना आराम करू द्या." तेवढ्यात सुनेने माझ्या हातातून पुस्तक घेतलं आणि दाराशी उभ्या उभ्याच वाचायला लागली. अगदी हळू. हातवारे नाहीत, आवाजात चढउतार नाही. लग्नात नाव घ्यायलाही लाजलेली ही मुलगी! मी वाचायचे तेव्हा लोक भिंतीला टेकून ऐकत. तिला ऐकायला ते पुढे सरकले. मी वाचताना खोलीत माझा आवाज असायचा. ती वाचत होती तेव्हा खोलीत त्या कादंबरीतली म्हातारी येऊन बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून तिचं एकच. "आई, वेळ निभावली हो. तुमच्यासारखं मला नाही येत." मी लिहिलं, "माझ्यासारखं नकोच आहे." ती भाजी चिरत राहिली. तेव्हापासून शनिवारी मंडळी येतात, माझी तब्येत विचारतात, चहा पितात आणि जातात.

तिने वाचलंच पाहिजे अशी अट मी घालत नाही. सक्तीविरुद्ध आयुष्यभर बोलले, मेल्यावर सुनेवर करणार नाही. वाचलं नाही तरी पुस्तकं तिचीच.

६. पण तुम्हाला सांगायला मला कायद्याची आडकाठी नाही. मी गेल्यावर शोकसभा घेऊ नका. माझ्याबद्दल बोलणारे घंटेलाही दाद देणार नाहीत. मी गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी नेहमीच्या वेळी पुढच्या खोलीत या. ती अर्ध्यावर राहिलेली कादंबरी उघडा, सुनेच्या हातात द्या, आणि ती वाचायला लागेपर्यंत एकानेही उठू नका.

सही: (मृत्युपत्र करणारी)

आमच्यासमोर सही झाली, आम्हीही तिच्यासमोर सही केली:
साक्षीदार: घशाचे डॉक्टर
साक्षीदार: कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचे मालक
(शिंप्याला वरील कलमात वस्तू मिळत असल्याने साक्षीदार करता आलं नाही. तो रुसला आहे.)

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
तारीख: सहीशेजारी माझ्या हाताने घातली आहे