मायनसवरची खोळ

३ फेब्रु., मंगळ.
गाडी चार महिने दारात उभी. आज पुन्हा चावी फिरवून बघितली. दिवा नाही, टिकटिक नाही, काही नाही. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले वाकू नका, वजन उचलू नका, तेव्हापासून चि. प्रशांतचं एकच : "दादा, बॅटरी गेली, केबलबी सडल्यात. बगू पुढच्या रविवारी." किती रविवार गेले. बीडच्या ऑफिसातून त्याला दुकानात जायला सवड मिळत नसेल, असं मीच त्याच्या वतीने म्हणत राहिलो.
३२ वर्षं एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर. विनाअपघाताचा बिल्ला. आणि साधं बॉनेट उघडलं नाही. पोरगा म्हणाला म्हणजे झालं!
आता स्वतःच करणार. सौ.ला सांगितलं तर म्हणाली, "कावून घाई करता? उभी हाय ती बरी हाय."

५ फेब्रु., गुरु.
बीडहून बॅटरी आणि दोन्ही केबल आणल्या. दुकानदार म्हणे, "काका, मी येऊन बसवून देतो की." नको म्हटलं. घरी, आमच्या पालीपर्यंत, रिक्षात बॅटरी पायात धरून. कंबर धरली.
सौ.ने बॅटरी बघितली. शिलाई मशीनवर जाऊन बसली. रेक्झिनच्या पिशव्यांची ऑर्डर आहे तिची.
संध्याकाळी चि.चा फोन. सौ. अंगणात जाऊन बोलली. घरात रेंज नाही म्हणे. काल तर होती. नंतर फोन माझ्याकडे. "दादा, रविवारपर्यंत हात लावू नका." बरं म्हटलं. थांबणार नाही.

६ फेब्रु., शुक्र.
आधी मायनस सोडायची, मग प्लस. दहाचा पाना लावला तर मायनसचा नट ढिलाच. क्लॅम्प अलगद हातात आला. खाली शिशाचा खुंट दिसायला पाहिजे. तिथे निळी खोळ, म्हणजे करंट पुढे जाणारच नाही.
रेक्झिनची. बोटाच्या पेराएवढी, अगदी मापात. तोंडाशी कड आत दुमडून दुहेरी टीप मारलेली. कच्ची कड सौ.ला चालतच नाही. बॅटरीवरच्या खोळीलासुद्धा नाही.
पण माप? तिला तर बॉनेटही उघडता येत नाही.
पायरीवर बसलो. मग खोळ काढली, तोच जुना क्लॅम्प तसाच दाबून बसवला, चावी फिरवली. दिवे लागले. सेल्फ दोनदा कुरकुरला आणि गाडी सुरू. चार महिन्यांनी, जुन्याच बॅटरीवर.
हॉर्नवर हात ठेवला तो ठेवलाच. सौ. पिठाच्या हातांनी बाहेर आली.
"ही शिलाई तुजी न्हवं?"
"हो."
"कावून?"
"तुमाला तोंडावर सांगितलं तर ऐकता व्हय? माप प्रशांतनंच आणून दिलं." हात पदराला पुसून, "पुलाच्या कठड्याला गाडी घासली तवा नात मागं बसलती, अवो."
मी म्हटलं ते ऑपरेशनच्या आधीचं. धूळ होती. आता डोळा साफ आहे. ती आत गेली.
जेवलो नाही.

७ फेब्रु., शनि.
काम उरकलं. केबल खरंच सडल्या होत्या, तेवढं खोटं नव्हतं. प्लसवर हिरवा-पांढरा थर. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून ओतला, फसफसला. बॉडीकडचा बोल्ट पॉलिश पेपरने घासून पांढरा केला. नवी बॅटरी, नव्या केबल, आधी प्लस, शेवटी मायनस, वर ग्रीस. कुठे हात अडला नाही.
आनंद मात्र नाही. रोज सकाळी मी फडकं घेऊन ही बंद गाडी पुसायचो. सौ. म्हणायची, "पुसा की, तेवढीच हालचाल." तेव्हा तिला माहीत होतं. चि. दर रविवारी येऊन माझ्यासमोर बॉनेट उघडायचा, मान हलवायचा, पुन्हा लावायचा. मी लांब खुर्चीत काळा चष्मा लावून बसलेलो. माझ्याच घरात मला येडा केलं. परक्याने केलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. इथे शिव्या तरी कुणाला देऊ?

८ फेब्रु., रवि.
चि. आला. सौ.ने सांगितलंच असणार, मान खाली. मी चावी त्याच्या पुढ्यात ठेवली.
"तोंडानं सांग. दादा, गाडी चालवू नका. एवढं म्हण, चावी तुजी."
"तसं न्हाई, दादा..."
"मग कसं?"
"तुमी ड्रायव्हर. तुमच्या मांडीवर बसून स्टेअरिंग धरलेलं म्या. कसं म्हणू?"
त्याचे डोळे भरले. माझं मन विरघळलं नाही. म्हटलं, "फसवाया जमलं, सांगाया जमंना व्हय?" चावी उचलून खिशात टाकली. जेवताना चि. अर्ध्या ताटावरून उठून गेला. सौ. दोघांशीही बोलत नाही.
त्याने 'नका' म्हटलं असतं तर मी चावी दिली असती का? दिली असती. बहुतेक.

११ फेब्रु., बुध.
एकटाच बिंदुसरा धरणापर्यंत जाऊन आलो. एका सेल्फला गाडी सुरू. जाताना फार बरं वाटलं.
येताना वळणावर बाई आणि तिच्या शेळ्या. उजवीकडून. ती ओरडली तेव्हा दिसली. आधी नाही. ब्रेक लागला, दोन हातांवर गाडी थांबली. बाई काचेपलीकडून बोलत होती, मी काच खाली केली नाही. ऊन समोरून होतं. असेल. पुढे जाऊन कडेला लावली, उतरून फडक्याने काच पुसली.
घरी सौ. पायरीवर उभी. तीन दिवसांनी बोलली. "कशी चालली?"
"झकास."
मग चि.चा फोन. त्यालाही झकास. त्याच्या हातून नातीने फोन ओढून घेतला. "आजोबा, गाडी झाली ना? रविवारी मला घ्यायला या. मी पुढं बसणार."
येतो म्हटलं.